कशासाठी पाहिजे, ते सांगा

आधी वारांचं सांगते, कारण मुंबईत खरेदीला निघालेल्यांची निम्मी फजिती वार चुकल्यामुळे होते. रविवारी कापडाचं मंगळदास मार्केट बंद, दिव्यांची लोहार चाळही जवळजवळ बंद. सोमवारी दादरची बहुतेक दुकानं बंद. शुक्रवारी चोरबाजारातली पक्की दुकानं बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. आणि कुठल्याही वारी सकाळी साडेनवाला जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही. शटर वर जाईपर्यंत अकरा वाजतात, त्यानंतर अगरबत्ती, मग चहा, आणि भवानी होईपर्यंत शेठ तुमच्याकडे नीट बघतही नाहीत. मंगळवार ते गुरुवार, दुपारी बारा ते चार, ही माझी वेळ. लोकलला गर्दी कमी आणि दुकानदार बोलायच्या मूडमध्ये.

माझी भाची सांगलीहून नोकरीसाठी इथे आली. मुलुंडला दोघी मैत्रिणींनी मिळून घर घेतलं भाड्याने. एका रात्री फोन. "मावशी, मुंबईत खरेदीला चांगलं कुठे गं?"

मी म्हटलं, "कसली खरेदी?"

"सगळीच."

आता "सगळीच" म्हटलं की मुंबईत एकच उत्तर उरतं, ते म्हणजे मॉल. त्यासाठी मावशीची गरज नाही. मी तिला म्हटलं, आधी यादी कर. वस्तू लिही, पुढे ती कशाला हवी ते लिही. यादी आली: पडद्यांचं कापड, भाताचं पातेलं, अभ्यासाच्या टेबलावरचा दिवा, एका कपाटाची बिजागरी, लॅपटॉपचा चार्जर, आईने सांगितलेला मसाला, आणि मैत्रिणीच्या लग्नात नेसायच्या साडीवर ब्लाउजपीस. सात वस्तू, आणि माझ्या डोक्यात लगेच सात गल्ल्या उभ्या राहिल्या. मुंबईत वाढलेल्या कुठल्याही बाईला हेच होईल. तिला पत्ते पाठ नसतात, पण वस्तूचं नाव घेतलं की स्टेशन सुचतं. बल्ब म्हटलं की मशीद बंदर, चार्जर म्हटलं की ग्रँट रोड, औषध म्हटलं की मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीट.

ही अशी वस्तुवार गल्ल्यांची वाटणी कुणी बसून केलेली नाही. इंग्रजांचा कोट, म्हणजे आजच्या फोर्टच्या जागचा किल्ला, होता तेव्हा देशी व्यापारीही कोटात राहत. १८०३ साली कोटात मोठी आग लागली, घरं-गोदामं जळाली, आणि त्यानंतर वस्ती उत्तरेला, कोटाबाहेर पसरत गेली. जो तो आपल्या माणसांजवळ जाऊन राहिला. खाली दुकान, वर घर. कापसाचे आणि कापडाचे भाटिये एकीकडे, लोखंडी सामानाचे बोहरी एकीकडे, तांब्या-पितळेचे कारागीर तिसरीकडे. मुंबादेवी आधी आजच्या सीएसएमटीच्या बाजूला होती, तीही अठराव्या शतकात उठून इकडे आली, आणि तिच्या शेजारी सोन्याचांदीच्या पेढ्या बसल्या. नंतर १८६०च्या दशकात कोटाच्या भिंतीच पाडल्या आणि त्या मोकळ्या झालेल्या पट्ट्याला लागून क्रॉफर्ड मार्केट आलं. जातीपातीचा आणि नात्यागोत्याचा हा सगळा मामला आहे, त्यात फार रमण्यासारखं काही नाही. पण गिऱ्हाइकाच्या दृष्टीने त्याचा एक फायदा आजही मिळतो. जो माणूस तीन पिढ्या फक्त स्क्रू विकतोय, त्याला स्क्रूबद्दल तुमच्यापेक्षा जास्त कळतं, आणि तो ते ज्ञान फुकट देतो.

देतो म्हणजे, आधी उलट प्रश्न विचारतो. "काय के वास्ते चाहिए?" कशासाठी पाहिजे, ते सांगा. मुंबईत खरेदी कुठे करावी याचं माझं उत्तर एवढंच आहे, की जिथे हा प्रश्न विचारतात तिथे.

बिजागरीचंच घ्या. कपाट माझ्या आईचं, लालबागच्या चाळीतलं, सागवानी. भाचीच्या घरी ते गेलं आणि तिथे दार खाली घासायला लागलं. मशीद स्टेशनला पश्चिमेला उतरून आम्ही नागदेवी स्ट्रीटला गेलो. तिथे पाय ठेवला की आवाज बदलतो. हातगाडीवाले "बाजू, बाजू" करत अंगावर येतात, फुटपाथवर पाण्याचे पंप, साखळ्या, बेअरिंगं, दोरखंड. मी जुनी बिजागरी कागदात गुंडाळून आणली होती. भाचीने मोबाइलवर दाराचा फोटो काढला होता. काउंटरमागे पांढऱ्या टोपीतले एक वयस्कर चाचा. त्यांनी फोटोकडे पाहिलंही नाही. बिजागरी तळहातावर घेतली, दोन-तीनदा उघडमीट केली, भोकांत करंगळीचं नख घालून पाहिलं. मग विचारलं, दार कसलं? किती उंच? आत काय ठेवता? पुस्तकं ठेवतो म्हटल्यावर मान हलवली. दाराच्या आतल्या बाजूला काही टांगलंय का? आरसा आहे, म्हटलं. मोठा.

"कब्जा अच्छा है," चाचा म्हणाले. "पुराना पितल है, ऐसा अभी नहीं मिलेगा. आरसा भारी है, स्क्रू छोटा है, लकडी का छेद बडा हो गया." त्यांनी ड्रॉवरमधून थोडे जाड आणि पाऊण इंच लांब स्क्रू काढले, मोजून कागदाच्या पुडीत बांधले. भोकात आगपेटीच्या दोन-तीन काड्या फेविकॉल लावून ठोका, सुकू द्या, मग स्क्रू पिळा. नवी बिजागरी त्यांच्या मागच्या फळीवर लटकत होती, चकचकीत, ती विकली असती तर वीसपट पैसे झाले असते. भाची बाहेर आल्यावर म्हणाली, "यांचा धंदा चालतो कसा?" चालतो. आम्ही पुढे त्यांच्याकडूनच पडद्यांचे रॉड घेतले, दाराची कडी घेतली, आणि आता तिच्या बिल्डिंगमधले दोघे तिथेच जातात.

लोहार चाळ तिथून चालत दहा मिनिटांवर. दिव्यांची गल्ली. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस तिकडे फिरकू नये, पाय ठेवायला जागा नसते. एरवी मात्र टेबलावरचा दिवा घ्यायला गेलात तर वाचायला हवा की कॉम्प्युटरवर काम करायला, हे विचारतील, पिवळा प्रकाश आणि पांढरा प्रकाश दोन्ही लावून दाखवतील. होलसेलवाल्या दुकानात "सुटं देत नाही" अशी पाटी असते. ती पाटी वाचून माघारी फिरू नका. दुपारच्या वेळी, दुकानात गर्दी नसताना, एक नग मागितला तर बहुतेक वेळा मिळतो. भाव मात्र डझनाचा मिळणार नाही. त्यावर बायकांनी शोधलेला जुना उपाय आहे: तिघींनी मिळून डझन घ्यायचं. भुलेश्वरला नकली दागिने, केसांचे क्लिप, लेस, सगळं असंच घेतलं जातं. देवळाच्या पायरीवर बसून वाटणी होते. भुलेश्वरबद्दल यापेक्षा जास्त सांगत नाही, तिथे मला चक्कर येते.

तांबा काट्याला भांडी वजनावर मिळतात. पातेलं आवडलं की आधी टिचकी मारून बघायची, मग काट्यावर ठेवायचं. जुनं पितळ असेल तर मोड म्हणून घेतात आणि तेवढे पैसे वजा करतात. भाचीला भातासाठी दोन माणसांचं पातेलं हवं होतं. दुकानदाराने विचारलं, गॅस की इंडक्शन? इंडक्शन म्हटल्यावर त्याने काढून ठेवलेली तांब्याच्या बुडाची पातेली उचलून परत फळीवर ठेवली. पोरगी एव्हाना खूश होती. हा प्रश्न येणार हे तिला कळायला लागलं होतं आणि उत्तर ती आधीच तयार ठेवत होती.

क्रॉफर्ड मार्केटला मी तिला मुद्दाम पुढच्या दाराने नेलं. आता नाव महात्मा जोतिबा फुले मंडई, पण टॅक्सीवाल्याला क्रॉफर्डच सांगावं लागतं. आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. इमारत १८६९ची, विल्यम इमर्सनने आराखडा केलेली. दारावरच्या दगडी पट्ट्यांवर बाजारातली, शेतातली माणसं कोरली आहेत, ती जॉन लॉकवूड किपलिंगची, म्हणजे रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांची. ते पलीकडेच जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. १८८२ साली इथे विजेचे दिवे लागले तेव्हा ते अप्रूप होतं. हे सगळं मान वर करून पाहावं लागतं, आणि मान वर केली की पाकीट सांभाळायचं राहतं. तेव्हा एकीने बघावं, दुसरीने पिशवी धरावी.

मार्च १९९६मध्ये इथला घाऊक फळबाजार नवी मुंबईला गेला. त्याआधी मी लहानपणी वडिलांबरोबर मे महिन्यात इथे आले आहे. पेंढ्याचा आणि पिकत्या हापूसचा वास असा काही भरलेला असे की बाहेर आल्यावरही फ्रॉकला यायचा. पाटीवाले आंब्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन धावत. आता फळं आहेत, पण किरकोळ, आणि भाव असा सांगतात की तुम्ही परदेशातून आला आहात असं वाटावं. फळांसाठी क्रॉफर्डला जाऊ नका असं मी स्पष्ट सांगते. केक करत असाल तर जा. साचे, इसेन्स, चॉकलेटच्या लाद्या, पुठ्ठ्याचे डबे, सगळं तिथे आणि आसपासच्या गल्ल्यांत आहे. बाहेर पडून समोर बादशाहमध्ये फालुदा प्यायचा, १९०५पासून चालू आहे. दोघींत एक पुरतो.

मंगळदास मार्केटला मी जपून नेते, कारण तिथून रिकाम्या हाताने मी कधी परतलेले नाही. छताखाली गल्ल्याच गल्ल्या, प्रत्येक गाळा जेमतेम खोलीएवढा, मालक आणि पोरं उंचावर गादीवर बसलेली. चंदेरी, अजरख, इकत, मलमल, खण, अस्तर, परकराचं कापड, सगळ्याचे ठाण कडेपर्यंत रचलेले. "आओ बहेन, देखने का पैसा नहीं." बघण्याचे पैसे लागत नाहीत हे खरं, पण बघण्याचा वेळ लागतो आणि वेळ गेला की पैसे जातातच. पडद्याचं कापड मागितलं तर त्याने विचारलं, खिडकी कुठल्या दिशेला? आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. भाची म्हणाली, संध्याकाळी ऊन येतं. मग पश्चिम. मग हा गडद रंग घेऊ नका, वर्षात उडेल, हा घ्या. आणि मीटर किती ते आम्ही सांगायच्या आत त्याने खिडकीची रुंदी विचारून चुण्यांसाठी दुप्पट धरली. घासाघीस इथे चालते, पण थोडी. दहा-वीस रुपये मीटरमागे. अर्ध्यावर भाव आणायला निघालेली बाई हसण्याचा विषय होते.

ब्लाउजपीस मात्र मी मंगळदासला घेत नाही. त्यासाठी दादर. मॅचिंग सेंटर हा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. भिंतभर टू बाय टू रुबियाचे ठाण, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, मध्ये गुलाबीच्याच वीस छटा. साडी काउंटरवर टाकली की विक्रेता पदर उलगडतो, काठ बाजूला सारतो, अंगाचा रंग बोटाने पकडतो. एक शब्द न बोलता मागे वळून तीन ठाण खेचतो. भाचीची साडी तिच्या मते वांगी रंगाची होती. त्याने वांगी, जांभळा आणि तिसरा एक लालसर, ज्याला तो आमसुली म्हणाला, असे तिन्ही साडीवर टाकले. ट्यूबलाइटखाली वांगीच बरोबर दिसत होता. मग तो साडी आणि ठाण घेऊन दुकानाबाहेर फुटपाथवर गेला, आम्ही त्याच्यामागे. उन्हात वांगी एकदम निळसर पडला आणि आमसुली साडीत मिसळून गेला. आम्ही आमसुलीवर बोट ठेवणार तेवढ्यात तो म्हणाला, "ताई, लग्न सकाळचं आहे की रिसेप्शनला नेसायची?"

रिसेप्शन. रात्री, हॉलमध्ये, पिवळ्या झुंबरांखाली.

तो परत आत गेला, कोपऱ्यातला एक पिवळा बल्ब लावला, त्याखाली तिन्ही पुन्हा धरले. शेवटी घेतला तो जांभळा, जो मगाशी दोन्ही वेळा नापास झाला होता. ऐंशी सेंटिमीटर. वर फॉल आणि अस्तर. बिल बघितलं तर या सगळ्या खटाटोपाचे त्याला काय मिळाले असतील असं वाटावं. पण पुढच्या वेळी ती दुसरीकडे जाईल का, हा हिशोब त्यालाही येतो.

दादरचं एक बरं आहे, तिथे मराठीत बोलता येतं. काळबादेवीला आपण मराठी बायकाही आपसूक मुंबईच्या हिंदीत शिरतो, समोरचा गुजराती माणूस चांगलं मराठी बोलत असला तरी. दादरला रानडे रोडवर "वहिनी, या ना" असं ऐकू येतं. छबिलदास गल्लीत आयडियलमध्ये पुस्तकं चाळायची, प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष, आणि पहाटे उठायची तयारी असेल तर स्टेशनजवळची फुलांची मंडई. गणपतीत आणि दसऱ्याला ती मंडई पाहायला नव्हे, सहन करायला जावी लागते. झेंडूच्या ढिगातून वाट काढताना पायाखाली देठांचा चिखल, आणि भाव दर अर्ध्या तासाला बदलतो. उजाडल्यावर उतरतो. फुलं कोमेजतात म्हणून त्यांना थांबता येत नाही, आपल्याला येतं.

आता लालबाग. हे मी शेवटी ठेवलं कारण इथे मी पक्षपाती आहे.

होळी झाली की लालबागच्या मसाला गल्लीत जावं. दुकानांपुढे मिरच्यांची पोती तोंड उघडून उभी असतात आणि गल्लीच्या तोंडाशीच शिंका सुरू होतात. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, पांडी स्वस्त आणि जहाल, काश्मिरी दिसायला. पावसाळ्याच्या आत वर्षाचा मसाला घरात पडला पाहिजे म्हणून मार्च ते मे ही गल्ली बायकांनी भरलेली असते. प्रत्येकीच्या पर्समध्ये एक घडी पडलेली चिठ्ठी. आईची, सासूची, कुणा गेलेल्या आजेसासूची. त्यात धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, मसाला वेलची, दालचिनी, हळकुंड, हिंग यांची वजनं. अजून कुणाकुणाच्या चिठ्ठीत वजनं शेरात आणि पावशेरात असतात आणि दुकानदार ती न विचारता किलोत करतो.

माझ्या बहिणीने भाचीला फोनवर सांगितलेलं प्रमाण सांगलीकडचं, कांदा-लसूण मसाल्याचं. चिठ्ठी हातात देताच दुकानदाराने वर बघितलं. "घाटी मसाला करायचाय का? इकडे मालवणी आणि आगरी जास्त जातो." मग प्रश्न सुरू. घरात माणसं किती? दोघीच. मग किलोभर मिरची कशाला, वास उडून जाईल, अर्धाच करा. मासे खाता का? मैत्रीण खाते. मग हा कांदा-लसूणवाला माशाला चालायचा नाही, तिच्यासाठी पाव किलोचा मालवणी वेगळा करून घ्या, त्यात लसूण नको. फ्रीज आहे? गच्ची आहे का वाळवायला? नाही म्हटल्यावर त्याने पोऱ्याला हाक मारली. देठ काढून, भाजून, कांडून तेच देणार, तासभर थांबा. आम्ही थांबलो. मोठ्या कढईत खोबरं भाजल्याचा वास, मग धण्यांचा, मग मिरचीचा, आणि मिरची कढईत पडली की सगळी गल्ली एकदम खोकते. कांडपाच्या यंत्राचे लोखंडी मुसळ एकामागून एक खाली आपटतात, खाली बसलेला माणूस तोंडाला फडकं बांधून, भुवयांपर्यंत लाल झालेला. डबा हातात आला तो गरम होता. घरी गेल्यावर झाकण उघडं ठेवा, गार झाला की हिंगाचा खडा घालून बंद करा, हे वर सांगितलं.

हा बाजार गिरण्यांमुळे वाढला. कोकणातून, घाटावरून आलेली माणसं इथे राहिली, त्यांच्या बायका आल्या, प्रत्येकीला आपल्या गावची चव हवी होती. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांसाठी ते काम परत आलंच नाही. आमचे वडीलही त्यातलेच. त्या वर्षी आमच्या चाळीत मसाला उधारीवर आला. वसुलीला कुणी दारात आलेलं मला आठवत नाही, आईने पुढे दोन वर्षं थोडे थोडे फेडले. गिरण्या गेल्या, मसाला गल्ली राहिली. विरार, बदलापूर, पनवेलला गेलेल्या लालबागच्या लेकी-सुना मे महिन्यात पिशव्या घेऊन परत येतात.

आणि लोअर परळला फीनिक्स मिलच्या जागी मॉल आहे. त्यावर मी नाक मुरडत नाही. मुंबईत मॉल आला तो १९९९ला, हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स, आणि सुरुवातीला तिथे आत जायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागे, नाहीतर पैसे भरा. माझ्याकडे तेव्हा दोन्ही नव्हतं. आता कुणालाही जाता येतं, आणि जावं अशी कारणंही आहेत. थंड हवा, बसायला बाक, आईचे गुडघे दुखत असतील तर सरकता जिना. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे स्वच्छ बाथरूम. क्रॉफर्डपासून भुलेश्वरपर्यंत बाईमाणसाने दिवसभर फिरायचं तर पाणी न पिता फिरायचं, ही स्थिती माझ्या लहानपणी होती आणि फारशी बदललेली नाही. गल्ल्यांच्या प्रेमात पडलेले पुरुष लेखक हे लिहीत नाहीत. मी तर फालुदा प्यायला बसते त्यात तहानेचा भाग निम्माच असतो.

मॉलमध्ये हसून "मॅम, मदत करू का?" म्हणतात, पण त्यांना कशासाठी हवंय याच्याशी कर्तव्य नसतं, त्यांच्याकडे जे टांगलंय तेच द्यायचं असतं. मोबाइलवर दहा मिनिटांत घरी येतं तेही मी मागवते. मीठ, साबण, टोमॅटो. ज्या वस्तूबद्दल विचारण्यासारखं काहीच नाही ती तिथून यावी. लॅपटॉपचा चार्जरही भाची तसाच मागवणार होती. मी तिला ग्रँट रोडला उतरवून लॅमिंग्टन रोडला पाठवलं. तिथल्या पोराने जुना चार्जर मीटर लावून तपासला, चार्जर ठीक आहे, पिन गेली आहे म्हणाला आणि वायर कापून नवी पिन जोडून दिली.

फॅशन स्ट्रीट, कुलाबा कॉजवे, लिंकिंग रोड यांची नावं मी घेतली नाहीत म्हणून कॉलेजातल्या मुली रागावतील. जा की. पंचविशीच्या आत तिथे मजा येते. सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरू करा आणि उठून चालू लागा, मागून हाक येते. चोरबाजारला मटन स्ट्रीटवर जुनी घड्याळं, दिवे, सिनेमाची पोस्टरं बघायला जायचं असेल तर फार लांबणीवर टाकू नका. शेजारी भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवर नवे टॉवर उठताहेत. टॉवरमध्ये दुकानं असतील, पण भंगारातून आणलेला ग्रामोफोन कुणी तिथे फरशीवर मांडून बसेल असं मला वाटत नाही.

जाताना बरोबर काय न्यावं: कापडी पिशव्या, एक जाडसर, मापाची टेप, जी वस्तू बदलायची ती मूळ वस्तू, तिचा फोटो नव्हे, आणि बंद चप्पल, कारण हातगाडीचं चाक कुणाचा अंगठा बघत नाही. यूपीआय सगळीकडे चालतं, तरी सुटे ठेवा, हमालाला द्यायला लागतात. आता काळबादेवीला भुयारी मेट्रोचं स्टेशन झालंय, त्यामुळे पश्चिम उपनगरांतून येणाऱ्यांची सोय झाली. आम्हा मध्य रेल्वेवाल्यांना मशीद आणि सीएसएमटीच. पाच वाजता हात आवरता घ्या. कल्याण फास्टमध्ये संध्याकाळी सहानंतर पातेलं, पडद्याचा रॉड आणि अजून गरम असलेला अर्धा किलो मसाला घेऊन चढलात तर लेडीज डब्यातल्या बायका तुम्हाला हा सगळा पसारा कशासाठी पाहिजे होता ते विचारतील, आणि त्यांचं विचारणं दुकानदारासारखं नसेल.